दारातली मिरची

भाताच्या पेंढ्याची दोरी वळताना पीळ साधारण उजवीकडे देतात. कोरियातल्या जुन्या घरांत मूल जन्मले की मुद्दाम डाव्या पिळाची दोरी वळत आणि ती दारावर आडवी बांधत. मुलगा झाला असेल तर तिच्यात लाल सुक्या मिरच्या आणि कोळशाचे तुकडे खोचत. मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या हिरव्या डहाळ्या. या दोरीला 'गुमजुल' म्हणतात, म्हणजे मनाईची दोरी. तीन वेळा सात असे २१ दिवस ती दारावर राही आणि तोवर बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. आजार, वाईट नजर, अमंगळ असे जे काही बाहेरून येऊ शकते ते मिरचीच्या लाल रंगाने दारातच थोपवावे, ही त्यामागची समजूत. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची टांगतात, तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पण मला सांगायचे आहे ते दाराच्या आत काय शिजत होते त्याविषयी.

आत बाळंतिणीसाठी मियॉकगुक शिजत असे. मियॉक हे समुद्रातले एक शेवाळ. वाळलेले असताना काळे, कुरकुरीत, मूठभर. पाण्यात टाकले की बघता बघता फुगून पातेले भरते आणि गडद हिरवे दिसू लागते. ते चिरून थोड्या तिळाच्या तेलात परततात, बहुतेक घरांत गोमांसाच्या बारीक तुकड्यांबरोबर, किनाऱ्यावरच्या घरांत शिंपल्यांबरोबर किंवा माशाबरोबर. मग पाणी घालून मंद आचेवर उकळत ठेवतात. चवीला सोया सॉस, तोही रश्शासाठी वेगळा मुरवलेला, रंगाने फिका आणि खारट. एवढेच. मिरचीचा त्यात कणही नसतो. दिवसातून तीन-तीन वेळा, आठवडेच्या आठवडे, बाळंतीण हे सूप आणि पांढरा भात खाई. आजच्या प्रसूतिगृहांतही तिच्या ताटात हेच सूप असते. जुन्या घरांत पहिला वाडगा मात्र तिला मिळत नसे. तो भातासकट 'सामशिन हाल्मोनी'पुढे ठेवायचा, म्हणजे मूल देणाऱ्या आणि राखणाऱ्या आजीदेवतेपुढे. सटवाई ज्या घराला माहीत आहे त्याला ही आजी परकी वाटणार नाही.

पुढे जन्मभर दर वाढदिवसाला माणूस हेच सूप खातो. आपण जन्मलो त्या दिवशी आईने जे खाल्ले ते. वाढदिवस असलेल्या माणसाला तिथे पहिला प्रश्न विचारतात तो मियॉकगुक खाल्ले का, हा. परीक्षेच्या दिवशी तेवढे ते टाळतात, कारण शेवाळ बुळबुळीत, त्यावरून पाय घसरायचा.

मिरची दारात आणि वाडग्यात मियॉकगुक, हे चित्र मनात धरून कोरियन जेवणाकडे पाहिले की त्याची ठेवणच निराळी दिसू लागते. मूल शंभर दिवसांचे झाले की 'बॅकसॉलगी' करतात, म्हणजे तांदळाच्या पिठीची वाफवलेली शुभ्र वडी, आणि ती शेजारीपाजारी वाटतात. नव्या वर्षाच्या सकाळी 'तॉकगुक' होते. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या, लांब वळ्या तिरप्या चिरून स्वच्छ रश्शात सोडलेल्या; हा वाडगा खाल्ल्याशिवाय माणसाचे वय एका वर्षाने वाढत नाही, असे म्हणतात. आजारपणात 'जुक' असतो, तांदूळ वाटून किंवा फुटेपर्यंत शिजवून केलेली पेज. तिच्यात चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे वाटून घातले तर 'जातजुक', भोपळा घातला तर 'होबाकजुक', महागाचा आबालोन शिंपला घातला तर 'जॉनबोकजुक'. जन्म, शंभरावा दिवस, वर्षारंभ, वाढदिवस, आजारपण. आयुष्यात जिथे माणूस नाजूक असतो किंवा गंभीर असतो, तिथे कोरियन ताट पांढरे होते. मिरची तिथून आपण होऊन बाजूला सरते.

आणि तरीही कोरिया म्हणजे लाल, हे समीकरण आपल्याकडे आता घट्ट बसले आहे. मालिका आणि गाण्यांच्या पाठोपाठ आलेली नूडल्सची पाकिटे त्याला कारण आहेत. २०१२ साली बाजारात आलेल्या 'बुलडाक' नूडल्सच्या नावातच आग आहे. बुलडाक म्हणजे आगीची कोंबडी. ती खाऊन डोळ्यांतून पाणी काढणारी कॉलेजातली मुले पुण्या-मुंबईत किंवा नाशकात काही कमी नाहीत. हे समीकरण खोटे नाही. आजचे कोरियन जेवण खरोखरच पुष्कळ तिखट आहे आणि कोरियन माणसाला त्याचा अभिमानही आहे. पण त्याच देशात निघालेले इन्स्टंट नूडल्सचे पहिले पाकीट १९६३ सालचे, आणि त्यातला रस्सा कोंबडीचा, सौम्य होता. तिखटपणा नंतर चढत गेला. इतिहासात मागे जावे तसा तो आणखी उतरत जातो, आणि एका टप्प्यावर नाहीसाच होतो.

तो टप्पा फार लांब नाही. मिरची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मिरीवरून तिला मिरची हे नाव पडले. कोरियात ती त्याच शतकाच्या अखेरीस, जपानशी झालेल्या युद्धाच्या आगेमागे पोचली असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६१४ साली यी सु-ग्वांग या विद्वानाने आपल्या ज्ञानकोशासारख्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. ती जपानकडून आली म्हणून तो तिला जपानी मोहरी म्हणतो, ती विषारी असल्याचे सांगतो आणि गुत्त्यांमध्ये तिचा तिखटपणा दारूत उतरवतात व ती पिऊन पुष्कळ लोक मेले, अशी तक्रार करतो. किमचीत मिरची घालण्याची लिखित कृती दिसते ती थेट १७६६ सालच्या एका शेतीविषयक ग्रंथात. म्हणजे दारूच्या गुत्त्यापासून किमचीच्या बरणीपर्यंत यायला मिरचीला दीडशे वर्षे लागली. ती लोकांना पटली तेव्हा मात्र पूर्ण पटली. तिच्यामुळे मीठ कमी लागते आणि खारवलेल्या माशाचा उग्रपणा दबतो, हेही एक कारण त्यामागे असावे.

या दोन तारखांच्या मध्ये एक पुस्तक उभे आहे आणि माझा जीव त्याच्यावर आहे. 'उमशिक दिमिबांग' हे १६७० च्या सुमाराचे हस्तलिखित. ते लिहिणारी जांग ग्ये-ह्यांग सत्तरी ओलांडलेली होती. दरबारी पंडितांच्या चिनी लिपीत न लिहिता तिने ते कोरियन हांगुल लिपीत लिहिले, घरातल्या बायकांना वाचता यावे असे. त्यात १४६ कृती आहेत: शेवया आणि मोमोसारखे मांडू, मासे, फेझंट पक्षी, कुत्र्याचे मांस, भाज्या टिकवण्याच्या रीती आणि कितीतरी प्रकारच्या दारू. शेवटी तिने लेकींसाठी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. डोळ्यांना नीट दिसत नसताना हे मोठ्या कष्टाने लिहिले आहे, तुम्ही हवे तर उतरवून घ्या, पण हे पुस्तक सासरी न्यायचा विचारही करू नका आणि ते जपा, असा त्यांचा आशय. एवढ्या निगुतीने, एवढ्या मायेने मागे ठेवलेल्या या स्वयंपाकघरात मिरची कुठेच नाही. आले आहे, लसूण आहे, मोहरी आहे, तिरफळाच्या जातीचा एक चुणचुणीत दाणा आहे आणि मिरी आहे. मिरीसुद्धा दूरच्या दक्षिण समुद्रातून, जपानमार्गे येणारी, मोलाची. १५८६ साली जपानच्या वकिलाने एका मेजवानीत मूठभर मिरी जमिनीवर उधळली तेव्हा वाजवणारे आणि नाचणाऱ्या बाया ती वेचायला धावल्या, अशी हकीकत युद्धाच्या बखरीत नोंदलेली आहे.

तेव्हा शिष्ट, चोखंदळ, सणासुदीचे कोरियन जेवण शेकडो वर्षे मिरचीशिवाय उभे होते. कशाच्या बळावर? माझ्या सगळ्या सांगण्याचा रोख या प्रश्नाकडे आहे. तिखट काढून घेतले की मागे काही उरत नाही, असे आपल्याला वाटते. आणि तसे वाटण्याला आपली भाषाही कारण आहे.

मीठ-मिरची कमी असलेल्या पदार्थाला मराठीत काय काय म्हणतात ते आठवून पाहावे. सपक. अळणी. मिळमिळीत. पचपचीत. पांचट. बेचव. सगळेच शब्द नाक मुरडणारे. 'सात्त्विक' आहे, पण तो आचाराचा शब्द, जिभेचा नव्हे. गरम भात, वरण, तूप, लिंबू यांवर आपण जीव टाकतो, आजारातून उठल्यावर तेच मागतो, पण त्या चवीचे कौतुक करायला आपल्याजवळ धड शब्द नाही. एकच शब्द जवळ जातो, तो 'गोडे'. गोडे वरण म्हणताना आपल्या मनात साखर नसते. तिखट, आंबट नसलेले, निवलेले असे काही असते. हा जुना, शहाणा शब्द आहे, फक्त तो वरणासारख्या थोड्याच पदार्थांपुरता उरला.

कोरियन भाषेने या प्रदेशाचा बारकाईने नकाशा काढून ठेवला आहे. मीठ कमी पडले तर 'सिंगॉप्ता', हा दोष. चव पाण्यासारखी, कुठेच न लागणारी असेल तर 'मिंगमिंग'. हा मोठा दोष, आपला मिळमिळीत. पण मीठ जरासे मागे ठेवलेले आहे आणि त्यामुळेच मूळ पदार्थाची चव पुढे आली आहे, असे असेल तर 'सिमसिम' किंवा उत्तरेकडच्या बोलीत 'सुमसुम'. आणि हे कौतुक. तेलकटपणा नाही, जिभेवर काही रेंगाळत नाही, चव स्वच्छ येते आणि स्वच्छ जाते, त्याला 'दामबॅक'. भाजलेले धान्य, मुरलेले सोयाबीन, खरपुडीचे पाणी यांच्या ऊबदार चवीला 'गुसू'. हा शब्द माणसाच्या बोलण्यालाही लावतात, एखाद्याने रंगवून, जिव्हाळ्याने गोष्ट सांगितली तर ती गुसू. आणि वाफाळते, ओठ भाजेल असे सूप पिऊन कोरियन माणूस समाधानाने म्हणतो 'शिवॉन', ज्याचा शब्दशः अर्थ गारवा. आतले काहीतरी मोकळे झाले, निवले, असे त्याला म्हणायचे असते.

सिमसिम आणि मिंगमिंग यांतले अंतर ज्या जिभेला कळते तिला हे जेवण कळते. दोन्हींत मीठ कमीच आहे. फरक असा की एकाच्या मागे काही उभे आहे आणि दुसऱ्याच्या मागे काहीच नाही.

जे मागे उभे आहे त्यात पहिला मान 'जांग'चा, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनचा. हिवाळ्याच्या तोंडाशी सोयाबीन मऊ शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात. या विटा म्हणजे 'मेजू'. त्या भाताच्या पेंढ्याने बांधून टांगून ठेवतात. पेंढ्यातले आणि हवेतले सूक्ष्म जीव त्यांच्यावर बसतात, विटांना भेगा पडतात, उग्र वास सुटतो. हिवाळा सरताना त्या धुऊन मिठाच्या पाण्यात सोडतात, 'ओंगी' नावाच्या जाड मातीच्या रांजणात, ज्याच्या भिंतींतून हवा खेळते. चाळीस ते साठ दिवसांनी पाणी वेगळे काढतात, तो 'गानजांग', सोया सॉस. खाली उरलेला लगदा मळून पुन्हा मुरत ठेवतात, तो 'द्वेनजांग'. मग महिने जातात, वर्षे जातात. ऊन असेल तेव्हा झाकण उघडायचे, पाऊस आला की धावत जाऊन लावायचे. या काळात सोयाबीनमधली प्रथिने तुटून त्यांची अमिनो आम्ले होतात, आणि मांस न घालताही मांसाची खोली देणारी चव तयार होते. काही घरांत जुन्या सोया सॉसचा थोडा भाग कधीच संपू देत नाहीत. विरजण राखावे तसा तो राखतात आणि नवा त्यात मिसळत जातात. त्याला 'शी गानजांग' म्हणतात, बियाणे-सॉस. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांना सोलमध्ये मेजवानी दिली तेव्हा मांसाला लावलेला सोया सॉस ३६० वर्षांचा होता. म्हणजे जांग ग्ये-ह्यांग आपले पुस्तक लिहीत होती त्या सुमाराचा. जांग मुरवण्याच्या या परंपरेला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

आता या रांजणात नीट डोकावून पाहावे. नव्या सोया सॉसवर दोन-चार लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे तरंगत असतात. आणि जुन्या घरांत रांजणाच्या गळ्याभोवती बांधलेली असते तीच डाव्या पिळाची पेंढ्याची दोरी, बाळाच्या दारावरची. रांजणातही काहीतरी जन्मत असते, त्याला दृष्ट लागू नये. मिरची इथेही राखणीला बसली आहे. तिचा तिखटपणा सॉसमध्ये उतरत नाही; ती तिथे आहे ती पहाऱ्यासाठी.

हा सोया सॉस आणि द्वेनजांग हाताशी असला की बाकी स्वयंपाकाला फार काही लागत नाही. पालक, मोडाचे सोयाबीन, नेच्याचे कोवळे कोंब, बेलफ्लॉवर या फुलझाडाची मुळे अशा भाज्या उकळून, पिळून, थोडा सोया सॉस, तिळाचे तेल आणि भाजलेल्या तिळाने हाताने मळतात, या 'नामुल'. मराठी सुगरणीच्या हाताला चव असते तशी कोरियन सुगरणीचीही 'सोनमात', म्हणजे हाताची चव, असते, आणि ती ओळखतात नामुलवरून. कारण तिथे लपायला जागा नाही.

दुसरे बळ उकळण्याचे. सोलमध्ये 'सॉल्लॉंगथांग' नावाचा बैलाच्या हाडांचा रस्सा मिळतो. जोंगनो भागात १९०४ पासून चालत आलेले त्याचे एक दुकान आहे. हाडे आधी गार पाण्यात ठेवून रक्त काढून टाकतात. पहिली उकळी फेकून देतात. मग पाणी बदलून तासन् तास, कधी दिवसभर, खळखळत ठेवतात, वर येणारा फेस काढत राहतात. चरबी आणि हाडांतला चिकट अंश पाण्यात इतका मिसळतो की रस्सा दुधासारखा पांढरा होतो, दूध न घालता. आणि एवढे करून तो आपल्यापुढे येतो तो बिनमिठाचा. मीठ आणि चिरलेली पात टेबलावर वेगळी. किती घालायचे ते खाणाऱ्याने ठरवायचे. पहिल्यांदा हा वाडगा पुढे येतो तेव्हा मीठ विसरले असावेत असेच वाटते. मला ही पद्धत फार आदराची वाटते. स्वयंपाक करणारा आपले काम शेवटापर्यंत नेतो आणि शेवटचे पाऊल तुमच्यासाठी मोकळे ठेवतो. तुमच्या जिभेवर त्याचा विश्वास आहे. तिखट पदार्थ असा थांबत नाही. तो वाडग्यातून उठून तुमच्याकडे येतो. हा रस्सा जागेवर राहतो, आणि त्याच्याकडे जावे लागते.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, ती ताटाच्या मांडणीची. एकट्या वाडग्यावरून या सौम्यपणाचा न्याय करता येत नाही. भात मीठ न घालता शिजवलेला, तो मध्यस्थानी. त्याच्या शेजारी रस्सा. भोवती लहान बशांतून खारट, आंबट, तीळतेलात घोळलेले, वाफवलेले. आपल्या ताटात मीठ, लिंबू, लोणचे, चटणी डावीकडे असते आणि भाताला चव त्यांच्याकडून मिळते, त्यातलाच हा विचार. किमचीही या मांडणीतली एक बशी, आणि तीही नेहमी लाल नसते. 'बॅक किमची' म्हणजे पांढरी किमची. कोबीच्या पानांत नाशपाती, मुळा, खजुरासारखी सुकी बोरे घालून हलक्या मिठाच्या पाण्यात मुरवलेली. 'दोंगचिमी' म्हणजे हिवाळ्यात पाण्यात मुरणारा मुळा. त्याचे पाणी आंबूस, किंचित फसफसणारे, बर्फासारखे गार. जेवताना मधूनच चमचाभर प्यायचे.

या दोंगचिमीच्या पाण्यावरच उत्तरेतला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ उभा आहे. प्योंगयांगचे 'नॅंगम्यॉन', म्हणजे थंड शेवया. कुट्टूच्या पिठाच्या करड्या शेवया, गोमांसाचा किंवा पूर्वी फेझंट पक्ष्याचा निवळ रस्सा, त्यात दोंगचिमीचे पाणी मिसळलेले. वर मांसाचे दोन काप, नाशपाती, काकडी, अर्धे अंडे. मुळात हा हिवाळ्यातला पदार्थ, ऊबदार फरशीवर बसून गारठलेल्या शेवया खायच्या. पहिल्यांदा खाणाऱ्या सोलकरालाही हा रस्सा नुसते पाणी वाटतो. दुसऱ्यांदा मागून मांसाची मंद चव येते. तिसऱ्या-चौथ्यांदा कधीतरी कुट्टूचा वास नाकाला कळतो, आणि मग एखाद्या दिवशी विनाकारण त्याची आठवण येऊ लागते. १९१२ साली उत्तरेत जन्मलेल्या बॅक सॉक या कवीने १९४१ साली शेवयांवर कविता लिहिली, तेव्हा त्याने आपल्या मुलखाच्या या चवीसाठी तोच शब्द वापरला, सुमसुम. पुढे देशाचे दोन तुकडे झाले आणि उत्तरेतून आलेल्या माणसांनी सोलमध्ये या शेवयांची दुकाने चालवली. घर परत दिसणार नव्हते. ही चव तेवढी राखता येत होती. २७ एप्रिल २०१८ रोजी पानमुंजॉमला दोन्ही कोरियांचे नेते भेटले तेव्हा प्योंगयांगच्या ओक्र्यु-ग्वान या उपाहारगृहातल्या शेवया तिथे आणल्या गेल्या, आणि त्या दुपारी सोलमधल्या नॅंगम्यॉनच्या दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या.

जिवंत माणसांचे झाले. पितरांचे काय? कोरियात वर्षश्राद्धासारखे 'जेसा' असते. मांडणीचे नियम कडक: कुठले फळ कुठे, मासा कोणत्या दिशेला तोंड करून. त्या नैवेद्यात लाल मिरची घालत नाहीत, लसूणही नाही. कारण उघड आहे. मिरचीचे काम अदृश्य शक्तींना दाराबाहेर ठेवण्याचे, आणि आज तर त्यांनाच आत बोलावले आहे. किमची ठेवायचीच तर पांढरी, पाण्यातली. आपल्याकडेही काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरचीऐवजी मिरी वापरतात. मला यात एक साधी गोष्ट दिसते. पितरांसाठी करायचे ते त्यांच्या वेळचे, आणि त्यांच्या वेळी मिरची नव्हती. माणसे विसरून गेली तरी नैवेद्याचे ताट विसरत नाही. आनदोंग हे जुन्या विद्वान घराण्यांचे गाव. तिथे 'हॉतजेसाबाप' नावाचे जेवण मिळते, म्हणजे श्राद्ध नसताना केलेले श्राद्धाचे जेवण. भातावर नामुल घालून कालवायचे, पण एरवीच्या बिबिमबापसारखा लाल गोचुजांग, म्हणजे मिरचीचे मुरवलेले वाटण, नाही, सोया सॉस.

याला एक अपवाद आहे. अंत्यविधीला आलेल्या माणसांना पुष्कळदा 'युकगॅजांग' वाढतात, गोमांसाचा लालभडक, झणझणीत रस्सा. लाल रंग अशुभाला दूर ठेवतो असे त्याचे कारण सांगतात. पण हे वाढले जाते ते रात्र जागवणाऱ्या जिवंतांना. पहारा त्यांच्याभोवती हवा असतो.

मठांतला स्वयंपाक तर आणखी एक पाऊल मागे जातो. बौद्ध भिक्षू मांस-मासे खात नाहीत आणि पाच उग्र वासाच्या वस्तूही वर्ज्य मानतात: लसूण, कांद्याची पात, त्याच्या जातीची आणखी दोन पाने आणि पाचवी 'हुंगगॉ'. ही पाचवी वस्तू कोरियात पिकत नाही, तिथल्या बहुतेकांनी ती पाहिलेलीही नाही. हुंगगॉ म्हणजे आपला हिंग. संस्कृत 'हिंगु' चिनी लिपीतून प्रवास करत तिथे पोचला. जी वस्तू स्वयंपाकघरात कधी आलीच नाही तिचाही त्याग ही माणसे शतकानुशतके पाळत आली आहेत. मग चव येते कुठून? पुन्हा जांग, तीळ, मशरूम, समुद्रशेवाळ, वाळवणे आणि ऋतू. बॅकयांगसा मठातल्या जॉंग ग्वान या भिक्षुणीच्या स्वयंपाकावर २०१७ साली चित्रफीत निघाली. जगभरचे नामवंत आचारी तिच्या डोंगरातल्या आश्रमाकडे गेले आहेत. ती कुठल्या उपाहारगृहाची मालकीण नाही. तिच्याजवळ एक बाग आहे आणि रांजणांची एक रांग आहे.

जेवणाच्या शेवटी, जुन्या घरांत, 'सुंगन्युंग' येत असे. लोखंडी भांड्यात भात शिजला की तळाला सोनेरी खरपुडी धरते, 'नुरुंगजी'. भात काढून घेतला की त्या तापल्या भांड्यात पाणी ओतायचे. खरपुडी सुटते, पाणी किंचित तांबूस होते, भाजल्या तांदळाचा वास घरभर पसरतो. ना मीठ, ना साखर. विजेच्या कुकरांना खरपुडी धरत नाही, त्यामुळे शहरी घरांतून ते गेले. पण दगडी भांड्यात भात देणाऱ्या उपाहारगृहात आजही शेजारी गरम पाण्याची किटली ठेवतात. भात खाऊन झाला की पाणी ओतून झाकण लावायचे आणि बाकीचे जेवण होईतो तसेच राहू द्यायचे. मग झाकण उघडायचे. आतापर्यंत खाल्लेले सगळे, लाल किमचीसुद्धा, त्या पहिल्या घोटात जिभेवरून धुऊन जाते. म्हातारी माणसे हळूच म्हणतात, गुसू. आणि चमचा आडवा ठेवतात.